तीन चांदण्या

दांडिया बाजार, रात्रीचे साडेदहा.
शिर्केकाकूंची तक्रार : हॅलिफॅक्सची नात पडद्यावर गोठलीय.
मी मार्ग तपासायला बसतो.

वाटेतल्या एकाही राउटरला
हॅलिफॅक्स ठाऊक नाही.
पत्ता वाचायचा, तक्ता बघायचा,
शेजाऱ्याच्या हाती द्यायचं, विसरायचं.
हातागणिक पॅकेटच्या आयुष्यातून एक वजा;
शून्य झालं की टाकून द्यायचं,
नाहीतर चुकलेली जन्मभर फिरत राहतील.
एवढं शिकवून आमच्या मॅडम
जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या होत्या.

अकराव्या ओळीत
नावाच्या जागी तीन चांदण्या.
कुणीतरी आहे तिथं,
विचारलं तर गप्प,
पण पुढं पाठवतंय.

दोष निघाला आमच्याच दारात :
सैल वायर.

फोनवर काकू :
हलली रे!
जांभई देतेय.