पाय मागे

मी कुणाचा पट काढून नाव कमावलं नाही.
माझी कुस्ती पडायचं नाही, एवढीच.
पाषाणच्या जत्रेत एकदा चाळीस मिनिटं धरली,
लोक कंटाळून शेंगा खायला गेले,
पंचांनी बरोबरीत सोडवली.
वस्ताद म्हणाले, तुक्या, तू भिंत आहेस.
भिंतीला कुणी फेटा बांधत नाही.

म्हणून मी जोड झालो.
ज्यांना नाव करायचं होतं त्यांची.
टिंबर मार्केटच्या मागची तालीम,
पहाटे साडेचार, करवती अजून झोपलेल्या,
हौद्यात तांबडी माती, हळद, ताक, लिंबू
आणि भिंतीपलीकडून सागवानी भुशाचा वास.
एकेक जण यायचा, वाकायचा, घुसायचा.
दिवसाला दोनशे पट अंगावर घेतले, चौदा वर्षं.
हिशेब तुम्ही करा. मी केला नाही.

पण घुसणारा माणूस मला कळतो.
हात खोटं बोलतात, डोळे तर बोलतातच,
मांडी बोलत नाही.
पट मारायच्या आधी त्याचा गुडघा जरासा
नमस्कार केल्यागत वाकतो.
तेवढाच वेळ आपला.
तेवढ्यात पाय मागे,
कंबर खाली, छाती त्याच्या पाठीवर,
अख्खं घरदार टाकावं तसं वजन टाकायचं
आणि घाई करायची नाही.
तो ओढेल. ओढू दे.
तो श्वास सोडेल तेव्हा
आपण आणखी वीतभर जड व्हायचं.

भरत कोंढाळकर गदा घेऊन पेठेत आला
तेव्हा हलगीपुढे मीही नाचलो.
त्यानं गर्दीतून येऊन मला मिठी मारली
आणि सवयीनं माझी कंबर मागे गेली.
लोक हसले. तोही हसला.
मी जरा उशिरा हसलो.

आता उजव्या गुडघ्यात पाणी होतं.
ससूनच्या डॉक्टरनं सुईनं काढून दाखवलं,
लिंबाच्या सरबताच्या रंगाचं.

रेणू कात्रजला मॅटवर खेळते, निळे बूट घालून.
ती म्हणते स्प्रॉल, मी म्हणतो पाय मागे.
बालेवाडीच्या निवड चाचणीत
शेवटच्या दहा सेकंदांत एकेरी पटावर गेली.
घरी येऊन जेवली, भांडी घासली,
एक कढई फार वेळ घासली.

रविवारी तालीम रिकामी असते.
इथं बाईमाणूस येत नाही, असा जुना दंडक.
मी तसबिरीतल्या मारुतीला विचारलं,
तुझी काही हरकत?
तो काही बोलला नाही.

म्हटलं, आधी तू मला मार.
कुठं अडतं ते कळल्याशिवाय
अडवायचं कसं ते कळत नाही.
वीस वेळा घुसली, वीस वेळा मातीत तोंड.
भुवयांवर हळद, दातांत माती,
उठायची, नाक शिंकरायची, पुन्हा वाकायची.

एकविसाव्याला तिनं गुडघा खोटा वाकवला.
मी फसलो.
दोन्ही हात माझ्या उजव्या पायाभोवती, गाल मांडीला,
आणि मला कळलं, चाललो आता.

ती थांबली.
पाय हातातच, पण ओढ नाही.
का थांबलीस?
अण्णा, गुडघा गरम लागतोय.
आणि तळवा तिथंच ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

गरम लागला म्हणून सोडतं का कुणी!
मी ओरडलो. तोंडातून आवाज वस्तादांचा निघाला.
दारातलं मांजर पळालं.
ती मुकाट उठली, हाताला माती चोळली,
माझ्याकडे बघितलं नाही.

चौदा वर्षं कुणी विचारलं नव्हतं
कुठं गरम लागतंय.
हे मी तिला सांगितलं नाही.

पुन्हा मार, म्हटलं.
ती मागे सरली. वाकली.
या वेळी गुडघा खरा वाकला, नमस्कारागत,
मला स्वच्छ दिसला.

पाय मागे टाकायला
मी जरा उशीर केला.