एकशे बारावं गीत, तिसरं कडवं

माझगावच्या आमच्या चर्चमध्ये
पायपेटी आता भिंतीकडे तोंड करून उभी असते.
तिच्यावर प्लास्टिकची फुलं, जुन्या अहवालांचा गठ्ठा,
कुणाचीतरी विसरलेली छत्री.
भात्याला भोक पडलं, उंदरानं ते मोठं केलं.
डोंगरीचा कारागीर पाहून गेला,
म्हणाला, बाई, हिच्यापेक्षा कीबोर्ड स्वस्त पडेल.
कीबोर्डही घेतला. वाजवणारा मिळेना.

म्हणून मी.
आठवडाभर बँकेत चेक तपासते,
रविवारी शेवटच्या बाकामागे लॅपटॉप उघडून बसते,
पाळकसाहेबांनी हात किंचित वर केला
की बटण दाबते.
पेनड्राइव्हमध्ये एकशे सत्तर गीतं,
नाताळची वेगळी, मयतीची वेगळी.
एकदा घाईत लग्नाला मयतीचं लावलं,
नवऱ्याची आई अजून माझ्याशी बोलत नाही.

रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही.
दानाची पिशवी निम्म्या बाकांपर्यंतच पोचलेली असते
आणि गीत संपून जातं,
मग नुसती नाणी ऐकू येतात.
म्हातारे मागे राहतात,
पोरं पडद्यावरच्या ओळी वाचत पुढे पळतात.
पडद्यावर 'कृपा'चं 'कृपया' झालंय,
चार वर्षं झाली, तसंच गातात.

फक्त एकशे बारा वेगळं आहे.
ते रत्नाकर रणपिसेकाकांनी इथेच वाजवलेलं,
याच पायपेटीवर, भाता धड असताना.
सगळं ऐकू येतं त्यात. पायाखालची फळी,
बाहेर गोदीचा भोंगा,
आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी
चार सेकंद काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे, भाता चालू असतो.
हवा आत येते, हवा बाहेर जाते,
सूर लागत नाही.

मागच्या महिन्यात नेहेम्याने फाइली साफ करायला घेतल्या.
वीस वर्षांचा, अंधेरीला साउंड शिकतोय.
हेडफोन मानेवर घेत म्हणाला,
"ताई, इथे पॅच गेलाय. कापून जोडतो. कळणारही नाही."

त्याला काय सांगू,
की तिसऱ्या बाकाच्या कोपऱ्यात सगुणामावशी बसायची,
ओहोळांची, प्रसूतिगृहातली आया,
निम्म्या वस्तीला पहिली आंघोळ घातलेली,
आणि ओळीचं शेवटचं अक्षर
ती सोडायचीच नाही.
लुगड्याची घडी घालावी
तसं टोकाला टोक जुळवून
मगच खाली ठेवायची.
आम्ही पोरं हसायचो.
पाळक घड्याळ बघायचे.
रणपिसेकाका बोटं नुसती टेकवून थांबायचे,
मागे वळून कधी पाहिलं नाही.

रेकॉर्डिंग झालं ते गुरुवारी, दिवेलागणीला.
चर्चमध्ये काका, मोबाइल धरून उभी मी,
आणि झाडू मारायचा थांबलेला यशया.
मावशी नायरमध्ये होती, नाकात नळी.
गाणारं कुणीच नव्हतं.
तरी तिसऱ्या कडव्याला काका थांबले.
मला वाटलं, पुढचं विसरले.

दोघंही आता शिवडीला.
नेहेम्याला म्हटलं, असू दे.
का, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

परवाच्या रविवारी एकशे बारा लावलं.
ऐरोलीहून येणारं नवं जोडपं
तिसऱ्यातून सरळ चौथ्या कडव्यात घुसलं
आणि खाली सूरच नाही म्हणून ओशाळून गप्प झालं.
पंखे ऐकू आले. भाता ऐकू आला.
पुढच्या बाकावरच्या दोघातिघांनी वळून
माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉप अडकला असणार म्हणून.
पाळकसाहेबांचा हात तसाच वर.

मी दोन्ही हात
मांडीखाली दाबून बसले होते.