शुक्रवारी वाचन

थंड लागेल हं, नर्स होदान म्हणाली
आणि माझ्या उघड्या पाठीवर चिकटवत गेली
ॲल्युमिनियमच्या टिकल्या, दहा-दहाच्या ओळी,
प्रत्येकीत राईएवढा एकेक संशय.
निकेल. क्रोमेट. रबर. लोकरीची चरबी.
केसांचा काळा रंग. कसकसले सुवास.
मग जांभळ्या मार्करने आकडे घातले,
जमीन मोजायला आलेल्या माणसाच्या सावकाशीने.
शुक्रवारपर्यंत आंघोळ नाही, घाम नाही, ओझं नाही.
आणि खाजवायचं नाही,
जणू आठ महिने मी दुसरं काही करत होते.

पापण्या सुजलेल्या. बोटांच्या पेरांना भेगा.
एक चट्टा डाव्या खांद्याखाली,
एक उजव्या घोट्यावर, कुणालाच न उलगडलेला.
आई फोनवर म्हणते उष्णता आहे, गुलकंद खा.
ऑफिसातला गॅरेथ म्हणतो स्टीलच असणार,
हे शेफील्ड आहे, इथे स्टील हवेतच असतं.
डॉक्टर ओल्ड्रॉइड म्हणाल्या होत्या,
ज्याला ज्याला हात लावता ते सगळं आणा.
मी पिशवी भरून नेली:
भांड्यांचा साबण, हातमोजे, खोबरेल,
टिकल्यांचं पाकीट, घड्याळ, दाराची किल्लीसुद्धा.
एक वस्तू नेली नाही.
विसरले. विसरले असं म्हणते.

मंगळवारी रात्री एक पट्टी सुटली.
आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हातही पोचत नाही;
एकटं राहण्यातली ही अडचण
कुणी आधी सांगितली नव्हती.
शाल पांघरून खाली मिसेस क्लेगचं दार वाजवलं.
तिने चष्मा शोधला, अंगठ्याने पट्टी दाबली,
धरून ठेवली, लागते त्याहून जास्त वेळ.
तिची आई बफर गर्ल होती, म्हणाली,
कारखान्यात चमचे चकचकीत करायची
अंगाला ब्राऊन पेपर गुंडाळून.
शनिवारी तिची पाठ मी घासायचे.
झालं बघ, लव्ह.

बुधवारी पट्ट्या निघाल्या.
किंचित गुलाबी आहे काहीतरी. बघू. शुक्रवारी वाचन.
मला हसू आलं.
शाळेत पाठ वाचायला उभं करायचे,
इथे मी बसलेली, आणि वाचणार दुसरंच कुणी.

डॉक्टरांचं बोट फिरत राहिलं,
तांदळातला खडा शोधावा तसं.
निकेल नाही. शेफील्ड निर्दोष.
सुवास नाही. रंग नाही.
तेवीसवर बोट थांबलं.
दोन अधिक, त्या म्हणाल्या, होदानने लिहून घेतलं.
कोलोफनी. पाइनच्या झाडाचा चीक.
चिकटपट्टीत असतो, व्हार्निशमध्ये, मस्कऱ्यातसुद्धा.
मग कागदावरून मान वर करून:
व्हायोलिन तर वाजवत नाही ना? पण मग चट्टा मानेवर हवा होता.
आम्ही खाली बसून वाजवतो, मी म्हटलं,
आणि खुर्चीतच पाय पुढे घेऊन दाखवलं
व्हायोलिनचं टोक टेकतं तो घोटा.

राळ.
आमच्याकडे राळ उठते, उडवली जाते, कुणावर तरी.
माझ्यावर रोज संध्याकाळी उडत होती,
पांढरी, बारीक, गजावरून,
आणि मी ती पुसत होते व्हायोलिनवरून,
पापण्यांवरून नाही.
मिरजेहून आणलेला तो खडा, मधाच्या रंगाचा,
एकोणीस वर्षं मखमलीच्या तुकड्यात.
त्याला कोण पिशवीत घालून चौकशीला नेईल?

दुसऱ्या प्रकारची राळ मिळते म्हणे, करून बघा.
मागवली आहे. मंगळवारी येईल.

आज आंघोळ केली, पाणी निवेपर्यंत.
जांभळे आकडे फिके झाले; तेवीसचा उंचवटा
अजून काही आठवडे खाजेल.
मग दुसरा गज काढला, नुकते केस बदललेला, कोरा,
आणि बागेश्री सुरू केली.
राळेवाचून गज तारेला धरत नाही. निसटतो.
कुजबुजसुद्धा नाही.
हात सगळं बरोबर करत होता.

खालून मिसेस क्लेगने झाडूच्या दांड्याने
छताला ठोकलं नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
थोड्या वेळाने तीच जिना चढून वर आली,
विचारायला, बरी आहेस ना.