ब्लीच

परळला हे काम रात्री दोननंतरच होतं.
दिवसभर शेजारच्या टॉवरचं पायलिंग
जमिनीला ठोके घालत असतं,
आणि पेशी फोकसमधून निसटते,
फोटो काढताना मूल मान वळवतं तशी.

रुबीना तांबोळी थर्मासमधून चहा आणते.
मी लेन्सवर तेलाचा एक थेंब सोडतो,
काळा पडदा ओढून घेतो.

आत पेशी, सदतीस अंशांवर, जिवंत.
तिच्या एका प्रथिनाला आम्ही हिरवा दिवा बांधलाय,
मूळचा कुठल्याशा जेलीफिशचा.
"कुठं मारू?"
"केंद्रकात, कडेला. तीन मायक्रॉनचा गोल.
पाष्टेसर, जरा डावीकडे."

लेसर, पूर्ण ताकदीनं, एक सेकंद.
हिरव्यात काळं भोक.
इस्त्री विसरल्यासारखं,
पण कापड शाबूत.

मग बघत बसायचं.
चौथ्या सेकंदाला कड मऊ होते.
नवव्याला वाटतं, डोळ्यांचा भास असेल.
आजूबाजूचे हिरवे आत सरकत असतात,
कुणी बोलावलेलं नसताना,
त्यांना तिथं भोक आहे हेही माहीत नसताना.
एकोणीस सेकंदांत अर्धं भरतं.
रुबीना वहीत लिहिते: १९.
दोनदा अधोरेखित करते.

माझी आई इथून चार गल्ल्यांवर
हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. सत्तावीस वर्षं.
ब्लीचिंग पावडरचा वास तिच्या भाकरीलाही यायचा,
आम्हाला वाटायचं ज्वारीच तशी असते.
रक्ताला गार पाणी. आयोडीनला काय, ते विसरलो.
हळदीपुढे मात्र तिनं हात टेकले होते.
साबण लागला की लाल होते मेली, म्हणायची,
तिला धुवायचं नाही. उन्हात टाकायचं.
ऊनच खातं तिला.

"मग डाग जातो कुठं?"
मी तेव्हा सात-आठ वर्षांचा.
"जातोय कुठं? दिसायचा बंद होतो."

हे मी रुबीनाला सांगितलं
तेव्हा ती चहाचा कप तोंडाशी धरून
बराच वेळ थांबली.
म्हणाली, आपले जळालेलेही तसेच, सर.
त्या गोलात आता कुणी दुसरेच आलेत.
हे विझलेले बाहेर पडून
सगळ्यांत मिसळून फिरतायत,
काम करतायत,
फक्त आपल्या हिशोबात नाहीत.

आलेख बहात्तर टक्क्यांवर आडवा झाला.
पुढं चढेना.
"उरलेले अठ्ठावीस?"
"ते हलत नाहीत. कशाला तरी धरून बसलेत."
आणि हसली. तिला हेच हवं होतं,
कशाला, यावर तिची पुढची दोन वर्षं.

सहाला पायलिंग सुरू झालं.
पडद्यावरची पेशी थरथरली. मी लेसर बंद केला.
बाहीवर कालच्या डब्याची हळद होती.

घरी आई म्हणेल, टाक उन्हात.
आमच्या खिडकीत ऊन आता
टॉवरच्या बाजूनं येतं, साडेअकराला,
बावीस मिनिटं.
मी मोजलंय.