उसने बूट

चर्चच्या तळघरात, बॉयलरशेजारी
फळ्यांवर मांडलेले बासष्ट जोड.
वहीत मी लिहितो: नाव, नंबर, नेले, आणले.
दंड नाही. चिखलासकट परत केले तरी चालतात,
उलट कोरडे आले तर मीच विचारतो, का हो?

सेंगा गिल्हूली पहिल्यांदा आली
ती बुटांसाठी नाही, पाइपावर हात शेकायला.
एकसष्ट वर्षं. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त.
कोटाच्या खिशात दम्याचा पंप.
म्हणाली, माझ्या ओट्यासमोर एक डोंगर आहे.
चौदावा मजला, तेहतीस वर्षं,
बटाटे सोलताना समोर तोच.
बर्फ पडलं की आधी मला कळतं, मग रेडिओला.
नाव?
नाव ठाऊक नाही. विचारणार कुणाला?

डमगॉइन, मी म्हटलं.
तिनं ते दोनदा उच्चारलं,
नव्या सुनेचं नाव जिभेवर बसवावं तसं.

ग्लासगोहून तिथं जायला दीड तास पुरे,
पण त्या दीड तासाचं तिकीट म्हणजे
मीटरमधली दोन दिवसांची वीज.
दुरून साजरा, असं म्हणायलासुद्धा
एकदा जवळ जाऊन यावं लागतं.

म्हणून वृद्धाश्रमाची मिनीबस, शनिवारी रिकामी असते ती.
हाब्तोम, एरिट्रियाचा, त्याचे कागद अजून यायचेत,
काम करायला बंदी, चालायला नाही.
झर्मिना आणि तिच्या दोन मुली.
लॅकलन, एकोणीस वर्षांचा, आईला अंघोळ घालून आलेला,
दर दहा मिनिटांनी फोन बघणारा.
आणि सेंगा, पुढच्या सीटवर,
मांडीवर सहा नंबरचे बूट, मांजर धरावं तसे.

पायथ्याशी फाटक.
सगळे थांबले.
कडीला कुणी हात लावेना.
हाब्तोम हळूच म्हणाला, परवानगी कुणाची?
फाटक दिसलं की थांबायचं, हे तो
तीन देशांत शिकला होता;
सेंगा, एकाच शहरात.
कुणाचीच नाही, मी म्हटलं, इथं तसा कायदाच आहे,
फक्त मागे लावून घ्या, मेंढ्या आहेत.
झर्मिनाच्या धाकटीनं कडी काढली,
लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली.
आम्हाला घाई नव्हती.

मग चढ. सरळ छातीवर येणारा,
खाली स्पंजासारखं दलदलीचं गवत.
वीस पावलं, पंप, वीस पावलं.
लॅकलननं फोन कधी खिशात टाकला
ते मला दिसलं नाही.
वरून एक जण उतरत होता, हातात दोन काठ्या,
आमच्याकडे बघून प्रेमानंच म्हणाला,
छान, छान! कुठल्या संस्थेचे तुम्ही?
सेंगा धापा टाकत होती.
संस्था नाही, म्हणाली.
मी समोर राहते.

माथ्यावर वारा असा की चहा कपातून आडवा उडाला.
सगळे उत्तरेकडे, सरोवराकडे, निळ्या रांगांकडे.
ती एकटीच पाठ करून शहराकडे.
निघताना तिनं खिडकीत
नारिंगी टॉवेल टांगून ठेवला होता.
शोधत राहिली. आठ मनोऱ्यांतले तीनच उरलेत,
त्यातला डावा तिचा, तेवढं कळलं,
खिडकी नाही, टॉवेल नाही.
मी इथून दिसतच नाही, ती म्हणाली.
आणि जरा वेळानं, जवळजवळ रागानं:
मग हा इतकी वर्षं बघत कुणाकडे होता?
हाब्तोम मोठ्यानं हसला. त्याला हसताना
आम्ही कुणी ऐकलं नव्हतं.

सोमवारी ती आली.
लिफ्ट बंद पडलीय, सांगितलं. चढले. तीनदाच थांबले.
बूट आणले नव्हते.
त्याच्या डावीकडे एक बसका आहे,
पाठ मोडल्यासारखा, रोज दिसतो,
त्याला काय म्हणतात?