पाण्यात पाहणे

टार्वोनं दिलेला तो रिसीव्हर
उंदराएवढा, काळा, पोटाला चुंबक.
वाल्दुरनं तो टपावर चिकटवला,
वायर खिडकीच्या फटीतून आत घेतली
आणि वारा शिरू नये म्हणून फटीत
माझा एक लोकरी मोजा कोंबला.
दुसरा पायात. सांगून ठेवते,
कारण पुढचं सगळं मी
एका गार पायानं पाहिलंय.

लॅपटॉप माझ्या मांडीवर.
तीस वर्षं इथं कागदी नकाशा असायचा,
घड्यांवर विरलेला, हापसालू गावाच्या जागी भोक.
मी म्हणायची डावीकडे, हा जायचा उजवीकडे,
असा संसार झाला.
आता मी नुसतं टेबल.

रोहुक्युलाच्या धक्क्यावर पाच मिनिटं
यंत्र आभाळ चाचपत राहिलं.
एक उपग्रह. दोन. पुन्हा एक.
वाल्दुर काचेशी वाकून वर बघत होता,
जणू एखादा दिसेल आणि हात करेल.
चौथा सापडला तसे आम्ही नकाशावर उमटलो,
एक लाल बाण, किनाऱ्याला नाक लावून.

चौकीवरच्या पोरानं गाडीचं वजन विचारलं,
मग आमचंही, जरा लाजत.
"पट्टे सोडा. दारांना कुलूप नको.
पंचविसाच्या खाली चालवा, नाहीतर चाळिसाच्या वर.
मधल्या वेगात बर्फाखाली लाट उठते."

उतरलो बर्फावर,
आणि स्क्रीनवर समुद्रात गेलो.

सगळं निळं. हा रस्ता नकाशात नाहीच.
जानेवारीत येतो, मार्चात जातो,
दोन्ही कडांना ज्युनिपरच्या फांद्या रोवलेल्या;
त्यांची वर्दी वर कुणी दिलेली नाही.
यंत्रातली बाई फिन्निश बोलायची,
आमची भाषा तिला येत नव्हती.
आम्हाला मात्र तिचं सगळं कळत होतं,
लहानपणी चोरून पाहिलेल्या पलीकडच्या टीव्हीची कृपा.
"शक्य होताच मागे फिरा," ती म्हणाली.
थोड्या वेळानं पुन्हा, तितक्याच गोडीनं.
वाल्दुर म्हणाला, ही हेल्युला फितूर आहे.

हेल्यु त्याची बहीण. अकरा वर्षं
आम्हाला पाण्यात पाहत आलेली,
बापाच्या होडीच्या इंजिनावरून,
जे आमच्या शेडमध्ये पडून होतं
आणि एकदाही सुरू झालं नाही.
आता हे यंत्रही आम्हाला पाण्यातच पाहत होतं.
मला हसू आलं. मग आवरलं,
कारण ते इंजिन मागे डिकीत होतं, घोंगडीत गुंडाळलेलं,
आणि पोराला वजन सांगताना
आम्ही ते धरलं नव्हतं.

मध्यावर बर्फ वाजला.
लांब, तार ओढल्यासारखा,
आमच्या खालून बेटाकडे निघून गेला.
वाल्दुरनं वेग ना वाढवला ना कमी केला.
त्याच सुमाराला बॅटरी, बावीस टक्के दाखवता दाखवता,
थंडीनं गप्प झाली.
काळ्या काचेत माझी हनुवटी.
वर कुठंतरी ते चौघं अजून मोजत असतील आम्हाला,
पण सांगणार कुणाला?

धुकं होतं. फांद्या विरळ झाल्या होत्या.
"डावीकडे," मी म्हणाले.
तो डावीकडे गेला.

हेल्युच्या स्वयंपाकघरात चार्जर लावला.
लाल रेघ होती तशीच, निळ्यात शिरलेली,
अर्ध्यावर तुटलेली.
तिनं चष्मा पुसला, बोट ठेवलं. "इथं बुडालात?"
"नाही," वाल्दुर म्हणाला.
"बरं." आणि बटाटे सोलायला बसली.
मध्येच तिचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं.
उठली, चुलीवरच्या दोरीवरून
एक मोजा काढून माझ्याकडे फेकला.
एकच. राखाडी.

इंजिनाचं अजून कुणी काढलं नव्हतं.