लांब लाट

बर्फ आला त्या पहाटे मोंबेत्सूचा समुद्र गप्प झाला.
ओतोए सेकिने, वय ब्याऐंशी,
जिच्या माडीवर मी भाड्यानं राहतो,
रॉकेलचा स्टोव्ह पेटवता पेटवता म्हणाली,
"बसला. आता मार्चपर्यंत तोंड उघडायचा नाही."

मी वही उघडली.
चारशे बारा लाद्या, प्रत्येक गोल धरलेली.
(खरी एकही गोल नसते. ते तिला सांगितलं नाही.)
लाट पहिलीला लागते,
थोडी मागे फिरते, थोडी आडवी जाते,
आडवी गेलेली दुसरीला लागते,
दुसरीची तिसरीला,
तिसरीची फिरून पहिलीला.
गोष्ट षट्कर्णी होते म्हणतो ना आपण, तसंच;
फक्त कान आठशे चोवीस.

पहिलीला विचारावं, तुझ्यापर्यंत काय पोचलं,
तर म्हणते, आधी बाकीच्यांना विचारा.
बाकीच्या म्हणतात, आधी तिला.
म्हणून माझी अज्ञात राशी
बरोबरच्या चिन्हाच्या दोन्हीकडे ठाण मांडून बसते,
आणि उत्तर मिळालं तर सगळ्यांचं एकदम,
नाहीतर कुणाचंच नाही.

"मग आवाज जातो कुठे?"
चहात दूध ओतताना तिनं विचारलं.
मी दुधाकडे बोट दाखवलं.
ह्यात पांढरं असं काही नाही, आजी.
नितळ पाणी, नितळ चरबीचे थेंब,
आणि त्यांच्यात वाट चुकलेला उजेड.

ती कपाकडे बघत राहिली.
मग प्यायली.
"माझ्या यकृताचा फोटो असाच होता.
राखाडी, रवाळ.
अबाशिरीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हे दाणे खरे नाहीत."

नाहीतच खरे.
प्रतिध्वनी एकमेकांत गुंतले की असे दाणे पडतात.
आणि धरणीकंप होऊन गेल्यावर
सुई कितीतरी वेळ उगाच थरथरते, तेही हेच:
डोंगरांखाली भटकलेल्या लाटा,
एकेक करून, उशिरा घरी येणाऱ्या.

"उशिरा," ती म्हणाली, आणि कप विसळायला उठली.
भिंतीवर नवऱ्याचा फोटो. शिंपल्यांची होडी,
बावीस वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.
मी वही मिटली.

तिसऱ्या दिवशी तिनं मला धक्क्याबाहेर बर्फावर नेलं,
हातात त्याची बांबूची काठी, चाकूनं खुणा केलेली.
दोन लाद्यांच्या फटीत ती उभी धरली.
आवाज नाही. वारा नाही.
पाणी एक खूण वर चढलं.
थांबलं.
एक खूण उतरलं.

मी सेकंद मोजले. चौदा.
वहीच्या नवव्या पानावर हे माझ्याच अक्षरात आहे:
लांब लाटेला लाद्या जवळजवळ दिसतच नाहीत.
आलेखाच्या टोकाशी जिथं रेघ सपाट होते
तिथं मी कंटाळून पेन्सिल उचलली होती.

"कुठून येतं हे?"
लांबून, म्हटलं. ते वादळ केव्हाच संपलं असेल.

तिनं मान हलवली. हातमोज्यांवर बर्फ धरत होता.
मी म्हटलं, चला, गोठाल.
काठी तिनं काढू दिली नाही.
मग मीही पुन्हा एकपासून मोजायला लागलो.